सह्याद्रीतली अवघड ठिकाणे आणि क्षणभर टिकणारी दृश्ये: छायाचित्रणाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घाटमाथ्यावर भटकणाऱ्या आमच्या गटात दर वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर नवी मंडळी येतात आणि त्यांचे प्रश्न बहुधा तेच असतात. हरिश्चंद्रगड, भंडारदरा, नाणेघाट आणि कास या पट्ट्यात कॅमेरा घेऊन हिंडताना जे हाती लागले आणि जे हातचे गेले, त्याच्या आधाराने ही उत्तरे लिहिली आहेत.

मोबाइलवर काम भागेल की कॅमेरा घ्यावाच लागेल?

दिवसाच्या उजेडात मोबाइल पुरतो. मात्र घाम आणि दमट हवा यांमुळे त्याच्या भिंगावर सतत पुसट थर बसतो, म्हणून प्रत्येक वेळी ते सुती कापडाने पुसावे. पडद्यावर बोट दाबून ठेवून फोकस आणि उजेड स्थिर करण्याची सवयही लावून घ्यावी. काजवे, आकाशगंगा आणि वीज यांच्यासाठी मात्र शटर आपल्या हाताने उघडे ठेवता येणारा कॅमेरा आणि हलणार नाही असा ट्रायपॉड लागतो. नवीन भिंगावर खर्च करावा की त्याच पैशात एका ठिकाणी चार फेऱ्या माराव्यात, असे कोणी विचारले तर मी दर वेळी चार फेऱ्यांच्या बाजूने मत देतो.

कोणत्या ठिकाणी केव्हा जावे?

या प्रश्नाचे उत्तर सर्वांत लांब आहे, कारण बाकीचे बरेचसे त्यातच येते. माझ्या कॅमेऱ्याच्या पिशवीत भिंगांबरोबर एक घडीचे पंचांग असते आणि ते भिंगांइतकेच वापरले जाते.

मे महिन्याच्या उत्तरार्धात वळवाच्या सरी पडून गेल्या की भंडारदरा, पुरुषवाडी आणि कळसूबाईच्या पायथ्याच्या रानात काजवे दिसू लागतात. मोसमी पावसाने जोर धरला की ते ओसरतात, म्हणजे हाती जेमतेम तीन-चार आठवडे मिळतात आणि त्यातही अमावास्येच्या जवळच्या रात्री धरल्या तर मोजून आठ-दहा. जुलै-ऑगस्टमध्ये नाणेघाटात कोकणातून चढणारा वारा कड्यावरून पडणारे पाणी परत वर फेकतो. ऑगस्टच्या मध्यापासून कासचा सडा, म्हणजे जांभ्या खडकाचे सपाट पठार, फुलू लागतो. तेथे तेरड्याचा गुलाबी, सोनकीचा पिवळा आणि सीतेच्या आसवांचा निळा-जांभळा रंग एका वेळी येत नाही. एक ओसरतो तेव्हा दुसरा भरात येतो. त्यामुळे वर्तमानपत्रात छापलेले चित्र पाहून पुढच्या रविवारी निघालेल्या माणसाला तोच देखावा बहुधा मिळत नाही. टोपकारवीची गोष्ट तर आणखी निराळी आहे, कारण ती सात वर्षांतून एकदाच मोठ्या प्रमाणात फुलते. ते वर्ष चुकले की पुढची वाट पाहताना शाळेत जाणारे मूल कॉलेजात पोहोचते. सप्टेंबर सरताना आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला दरीत ढग साचलेले असतात पण वर ऊन पडते, आणि इंद्रवज्रासाठी, म्हणजे धुक्यावर आपल्या सावलीभोवती दिसणाऱ्या रंगीत कड्यासाठी, हेच दिवस चांगले असतात.

कास पठाराचा समावेश २०१२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशात झाला आणि फुलांच्या हंगामात तेथे शुल्क घेऊन मर्यादित संख्येनेच प्रवेश दिला जातो. जांभ्या दगडावर मातीचा थर इतका पातळ असतो की एका बुटाखाली दबलेली रोपे त्या हंगामात पुन्हा उभी राहत नाहीत. जवळून फूल टिपायचे असेल तर पायवाटेवर बसूनच लांब पल्ल्याचे भिंग वापरावे. फुलांच्या मध्ये आडवे पडून स्वतःचे छायाचित्र काढून घेणाऱ्यांबद्दल येथे काही लिहीत नाही, कारण भाषा औपचारिक ठेवायची आहे.

इंद्रवज्र म्हणजे काय, आणि ते टिपता कसे येते?

पाठीशी सूर्य आणि समोर खाली धुके असेल तर आपली सावली त्या धुक्यावर पडते आणि सावलीच्या डोक्याभोवती रंगीत कडी दिसतात. त्याला आपल्याकडे इंद्रवज्र म्हणतात. पुष्कळजण त्याला गोल इंद्रधनुष्य समजतात, परंतु दोन्हींची घडण वेगळी आहे. इंद्रधनुष्य पावसाच्या मोठ्या थेंबांत प्रकाश वळून आणि परावर्तित होऊन तयार होते आणि सावलीच्या बिंदूपासून सुमारे ४२ अंशांवर दिसते. इंद्रवज्र धुक्याच्या अतिसूक्ष्म थेंबांतून उलट दिशेने परतणाऱ्या प्रकाशलहरींच्या खेळामुळे उमटते आणि त्याची कडी काही अंशांचीच असतात. थेंब जितके बारीक तितके कडे मोठे, आणि थेंब जितके एकसारखे तितके रंग स्वच्छ. शेजारी उभ्या असलेल्या मित्राची सावली तुम्हाला दिसते, पण कडे मात्र ज्याला त्याला स्वतःच्याच डोक्याभोवती दिसते. हरिश्चंद्रगडावर असे वर्तुळ दिसल्याची नोंद ब्रिटिश अधिकारी कर्नल साइक्स यांनी केली होती आणि दख्खनच्या हवामानावरील त्यांचा लेख १८३५ साली प्रसिद्ध झाला.

हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा पश्चिमेकडे तोंड करून आहे, म्हणून सूर्य पाठीशी हवा असेल तर सकाळच गाठावी लागते. संध्याकाळी सूर्य समोर असतो आणि तेव्हा सूर्यास्त मिळेल, इंद्रवज्र नव्हे. ही साधी गोष्ट लक्षात न घेता संध्याकाळभर वाट पाहत बसलेले गट मी पाहिले आहेत. पहिल्या वर्षी त्यांतला एक मीही होतो.

सातव्या फेरीत मला ते पहिल्यांदा दिसले. पायथ्याच्या पाचनई गावाहून वर आलो, रात्री गडावर मुक्काम केला आणि उजाडताच कड्यावर जाऊन पालथा पडलो. दरी काठोकाठ पांढरी होती आणि ऊन नव्हते. साडेआठपर्यंत बरोबरचे तिघे चहासाठी मागे फिरले. वाटाड्या म्हणून आलेले पाचनईचे मामा मात्र विडी न पेटवता हातात धरून बसले होते. ती पेटवायची आहे की नाही असे मी विचारल्यावर ते म्हणाले, “वारं खालून सुटलंय. आता कुठं जाऊ नका.” थोड्या वेळाने गवताची पाती आमच्याकडे झुकली, मागच्या ढगाला भगदाड पडले आणि पाठीवर ऊब जाणवली. खाली धुक्यावर आधी कड्याची धार उमटली, मग त्या धारेवर माझ्या डोक्याएवढा एक ठिपका, आणि त्याभोवती बाहेरून तांबडे आणि आतून निळे असे कडे; त्याच्या बाहेर अगदी फिकट दुसरे. मी कॅमेरा डोळ्याला लावला तर समोर सगळे दुधी. रात्रभर थंड राहिलेल्या भिंगावर दमट हवेचे दव बसले होते. सदऱ्याच्या टोकाने ते पुसले, पुन्हा बसले, पुन्हा पुसले. तीन मिनिटांत ढग मिटला. त्या दिवसाची एकूण पाच छायाचित्रे माझ्याकडे आहेत आणि त्यांपैकी एकच दाखवण्याजोगे आहे.

त्या सकाळपासून काही गोष्टी पक्क्या पाळतो. भिंगावर दव बसू नये म्हणून कॅमेरा पहाटेच पिशवीतून काढून बाहेरच्या हवेला लावून ठेवतो आणि भिंगाभोवती हात गरम करणारी छोटी पुडी रबराने बांधतो. धुक्यात स्वयंचलित फोकस चाचपडत राहतो, म्हणून तो आधीच अनंतावर लावून बंद करतो. पांढरे धुके कॅमेऱ्याला जास्त उजेड वाटते आणि तो चित्र करडे करतो, म्हणून एरवी मी उजेड थोडा वाढवतो. पण इंद्रवज्रासाठी तसे करत नाही, कारण वाढवलेल्या उजेडात वर्तुळांचे रंग धुऊन निघतात. पोलरायझर (भिंगापुढे बसवायची, चमक कमी करणारी फिरती काच) काढून ठेवावा, कारण तो चुकीच्या कोनात फिरला तर रंग फिके पडतात. आणि कड्याच्या टोकावर उभे राहू नये. तेथे पालथे पडूनच पाहण्याची रीत आहे. काठावरचा दगड कधी सुटेल याचा नेम नसतो आणि धुक्यात काठ कुठे संपतो तेही नीट दिसत नाही.

सूर्यास्ताला किती वेळ मिळतो?

फार थोडा. आपल्या अक्षांशावर सूर्य बराच उभा उतरतो, त्यामुळे त्याची कडा क्षितिजाला टेकल्यापासून पूर्ण बुडेपर्यंत साधारण सव्वादोन मिनिटे लागतात, आणि त्यानंतरचा वापरण्याजोगा संधिप्रकाश वीस-बावीस मिनिटांत संपतो. युरोपातील छायाचित्रकारांनी वर्णन केलेली तासभर रेंगाळणारी संध्याकाळ येथे शोधू नये.

दुसरी गोष्ट जागेची. उत्तरायण-दक्षिणायनात सूर्य मावळण्याची जागा ठीक पश्चिमेच्या दोन्ही बाजूंना सुमारे २५ अंश सरकते. डिसेंबरमध्ये एखाद्या सुळक्याच्या डावीकडे बुडणारा सूर्य जूनमध्ये त्याच्या बराच उजवीकडे असतो, अर्थात जूनमध्ये तो दिसला तर. सूर्य सुळक्याच्या बरोबर मागे हवा असेल तर वर्षात त्यासाठी थोडेच दिवस असतात, आणि ते वहीत लिहून ठेवलेले बरे.

नाणेघाटातला उलटा धबधबा टिपताना शटर किती ठेवावे?

पाणी मखमलीसारखे मऊ दिसावे म्हणून धबधब्यांसाठी शटर लांब ठेवण्याची पद्धत रुळली आहे. येथे ती चुकीची ठरते, कारण शटर अर्धा सेकंद उघडे राहिले की पाणी वर चालले आहे की खाली हेच कळत नाही आणि चित्रात नुसता धूर राहतो. सेकंदाचा ५०० वा भाग किंवा त्याहून कमी वेळ ठेवला की प्रत्येक तुषार वेगळा दिसतो आणि तो वर उडत असल्याचे स्पष्ट होते. आडवा झुकलेला गवताचा पट्टा किंवा फडफडणारे इरले चित्रात घेतले तर वारा दिसतो. नुसते पाणी दाखवून वारा दिसत नाही. हे सगळे होत असताना पाणी कॅमेऱ्यावरच येत असते, म्हणून दोन-तीन कोरडे टॉवेल हाताशी असावेत. वाऱ्याचा जोर कमी असेल तर पाणी सरळ पडते. त्या दिवशी कॅमेरा बंद करून घाटातल्या लेण्यात जाऊन सातवाहनांचा ब्राह्मी लेख पाहावा आणि वरच्या तोंडाशी असलेला दगडी रांजणही पाहावा. तो जकातीच्या नाण्यांसाठी होता असे परंपरेने सांगतात.

काजव्यांची चित्रे खरी असतात का?

हा प्रश्न विचारणाऱ्याच्या आवाजात बहुधा थोडा संशय असतो आणि तो अगदीच अनाठायी नाही. हजारो ठिपक्यांनी लखलखणारे झाड दाखवणारे बहुतेक चित्र एका क्षणाचे नसते. कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवून १५ ते ३० सेकंदांची वीस, तीस, कधी शंभर चित्रे घेतात आणि ती नंतर एकावर एक रचतात. डोळ्यांना त्या वेळी दिसते ते निराळे असते: एका फांदीवर सुरू झालेली उघडझाप लाटेसारखी शेजारच्या फांदीवर जाते, मग सगळे झाड क्षणभर विझते. हे थांबणे आणि पुन्हा पेटणे स्थिर चित्रात येतच नाही. माझ्या मते रचलेले चित्र दाखवण्यात काही गैर नाही, पण ते किती मिनिटांचे आहे हे खाली लिहावे.

भिंग जास्तीत जास्त उघडे, आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) १६०० ते ३२००, आणि झाडाची आकृती स्पष्ट हवी असेल तर एक चित्र संधिप्रकाशातच घेऊन ठेवावे. नर काजवे चमकतात ते मादीला खूण देण्यासाठी. त्यात बॅटरीचा झोत किंवा मोटारीचे दिवे पडले की ती खूण मोडते आणि झाड कितीतरी वेळ अंधारात राहते. म्हणून बॅटरीवर लाल कागद बांधावा, गाडी रस्त्यावर सोडून शेवटचे अंतर पायी जावे, आणि झाडाखाली गवतात शिरू नये, कारण काही माद्या तेथेच जमिनीलगत असतात. हा बराचसा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, त्यामुळे वन विभागाचे वेळेचे नियम लागू असतात.

आकाशगंगेसाठी शटर किती?

५०० या आकड्याला भिंगाच्या नाभीय अंतराने (फोकल लेंथने) भागावे. २४ मिलिमीटरच्या भिंगाला सुमारे २० सेकंद येतात. त्याहून जास्त ठेवले तर पृथ्वीच्या फिरण्यामुळे तारे रेघेसारखे ओढले जातात. सेन्सर लहान असेल तर भागाकार करण्याआधी नाभीय अंतराला दीडने गुणावे. आकाशगंगेचा मधला दाट भाग फेब्रुवारी-मार्चमध्ये पहाटे उगवतो आणि मेपर्यंत रात्री लवकर वर येऊ लागतो. नंतर ढग येतात आणि विषय ऑक्टोबरपर्यंत मिटतो.

वीज टिपायला माथ्यावर थांबावे का?

नाही. मोकळ्या सड्यावर किंवा माथ्यावर ट्रायपॉड लावून उभा राहिलेला माणूस आसपासची सर्वांत उंच वस्तू असतो. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजावेत. दर तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर अंतर होते. ३० सेकंदांच्या आत आवाज आला तर खाली उतरावे, आणि एकाकी झाडाखाली न जाता पक्क्या घरात किंवा बंद मोटारीत बसावे. वळवाच्या विजा दूरच्या डोंगरावर असतील तर घराच्या आतून, उघड्या खिडकीतून रात्री दहा-पंधरा सेकंदांचे शटर लागोपाठ सोडत राहावे. तेथून मिळालेले चित्र कमी शौर्याचे असेल, पण ते घेणारा माणूस ते दाखवायला शिल्लक असेल.

पावसाळ्यात कॅमेरा कसा सांभाळावा?

पावसापेक्षा त्यानंतरची दमट हवा जास्त नुकसान करते. भिजलेला कॅमेरा लगेच पिशवीत कोंबून चेन ओढली की भिंगावर बुरशी धरते आणि ती जाळ्यासारखी पसरते. घरी आल्यावर सगळे सुटे करून पंख्याखाली ठेवावे आणि मग हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद करावे. पुड्या ओलावल्या की बदलाव्यात. डब्यात छोटा आर्द्रतामापक ठेवला आणि काटा ४० ते ५० टक्क्यांत राहिला तर निर्धास्त असावे. भिंग तांदळात पुरून ठेवण्याचा उपाय करू नये, कारण तांदळाचा भुसा फटींत जातो.

ड्रोन उडवता येतो का?

२०२१ च्या ड्रोन नियमांनुसार २५० ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला सवलती आहेत, मात्र त्याचा अर्थ तो कुठेही उडवावा असा नाही. अभयारण्यात वन विभागाची आणि संरक्षित किल्ल्यांवर पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. २०२५ मध्ये रायगड, राजगड, शिवनेरी, साल्हेर यांसह मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारशात आले, आणि त्यामुळे तेथील नजर आणखी बारीक झाली आहे. कड्यांवर गिधाडे आणि ससाणे घरटी करतात. घरट्याजवळ ड्रोन गेला की पक्षी पिलांना सोडून उठतो. मी ड्रोन वापरत नाही, हे सांगून टाकतो. उत्तरात माझा कल दिसत असेल तर तो तसाच घ्यावा.

अवघड ठिकाणाचा पत्ता सर्वांना सांगावा का?

पूर्वी मी प्रत्येक चित्राखाली जागा, वाट आणि मोटार लावायची जागासुद्धा लिहीत असे. एका ओढ्याचे नाव असे लिहिल्यानंतर दुसऱ्याच पावसाळ्यात तेथे कागदी थाळ्या आणि काचा दिसल्या आणि गावकऱ्यांनी वाट बांबू लावून अडवली. ते बांबू माझ्या लिहिण्यामुळेच लागले असे सिद्ध करता येणार नाही, परंतु ती सल आहे. आता प्रसिद्ध गडांची नावे देतो, कारण तेथे माहितीचा उपयोगच होतो. लहान ओढे, राया, घरटी आणि फुलांच्या दुर्मीळ जागा यांचा मात्र फक्त तालुका लिहितो, आणि चित्राच्या फाइलमध्ये आपोआप नोंदले जाणारे अक्षांश-रेखांश काढून टाकतो. ज्याला खरोखर जायचे आहे तो गावात जाऊन विचारतो, आणि गावातल्या माणसाला सोबत घेतो.

जुनी चित्रे जपून ठेवण्याची एवढी धडपड कशासाठी?

अजिंठ्याची हकीकत येथे सांगण्यासारखी आहे. ब्रिटिश लष्करी अधिकारी रॉबर्ट गिल यांनी १८४४ नंतर वर्षानुवर्षे तेथे राहून भित्तिचित्रांच्या मोठ्या प्रतिकृती रंगवल्या. त्यांपैकी बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत जळाल्या. नंतर मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांसह १८७२ पासून नव्या प्रतिकृती केल्या, आणि त्यांतील बऱ्याच १८८५ साली लंडनमध्येच पुन्हा आगीत गेल्या. गिल यांनी लेण्यांची छायाचित्रेही घेतली होती आणि त्यांतील काही १८६४ साली पुस्तकरूपाने छापली गेली. रंग त्या छायाचित्रांत येऊ शकत नव्हते, तरी एकाहून अधिक प्रती निघाल्या असल्याने ती उरली.

म्हणून प्रत्येक चित्राच्या किमान दोन प्रती ठेवाव्यात, एक घरात आणि एक घराबाहेर दुसऱ्या कोणाकडे. फाइलच्या नावात तारीख असावी आणि सोबत दोन ओळी लिहाव्यात: कुठून, कोणत्या दिशेला तोंड करून, वारा आणि ढग कसे होते. कॅमेऱ्याचे घड्याळ बरोबर आहे का हे निघण्याआधी पाहावे. माझे एक संपूर्ण वर्ष बारा तासांनी चुकलेले आहे आणि त्यातल्या पहाटा व संध्याकाळी आता सावल्यांवरून ओळखाव्या लागतात.

वाडीतल्या माणसांची चित्रे घ्यावीत का?

विचारून घ्यावीत. पाणी भरणाऱ्या बाईपुढे अचानक कॅमेरा धरणे हा उद्धटपणा आहे. आधी बसावे, चहा घ्यावा, मुलांना कॅमेऱ्यातून दरी पाहू द्यावी; मग “मावशी, तुमचा एक फोटो काढू का?” असे विचारावे आणि नाही म्हटले तर विषय सोडून द्यावा. पाठवून देतो असे सांगितले असेल तर कागदावर छापून पाठवावे, कारण मोबाइलवर पाठवलेले चित्र मोबाइलबरोबर जाते. पाचनईच्या त्या मामांचे, न पेटवलेली विडी धरून दरीकडे बघत बसलेले चित्र मी पुढच्या फेरीत नेऊन दिले. ते त्यांनी देव्हाऱ्याशेजारी लावले आहे. इंद्रवज्राचे चित्र दाखवले तेव्हा मात्र त्यांनी एकदा पाहिले आणि परत केले.